लेकी बोले, सुने लागे. पण सून कोण?

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या संध्याकाळी आमच्या लातूरच्या घरी एक वाद झाला. तो मालमत्तेचा नव्हता, सोयरिकीचा नव्हता, की सोयाबीनच्या भावाचाही नव्हता. वाद होता एका धूमकेतूविषयी.

झाले असे की, मोंढ्यातील मुहूर्ताचे सौदे उरकून चिरंजीव घरी आले, नांदेडहून मेहुणे सहकुटुंब आलेले होतेच, आणि अकरावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या नातवाला शिकवणी वर्गाने चार दिवसांची सुट्टी दिली होती. लातुरात अकरावीच्या मुलाला चार दिवस मोकळे मिळणे ही स्वतःच एक विज्ञानकथा आहे, हे येथील पालकांना सांगावयास नको. त्या आनंदात त्याने सर्वांना दूरचित्रवाणीसमोर बसविले आणि अॅडम मॅके या अमेरिकी दिग्दर्शकाचा ‘डोन्ट लुक अप’ हा चित्रपट लावला. २०२१च्या डिसेंबरमध्ये तो नेटफ्लिक्सवर आला होता. नावाचा सरळ अर्थ, ‘वर पाहू नका’.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. खगोलशास्त्राच्या एका संशोधक विद्यार्थिनीला एक नवा धूमकेतू दिसतो. तिचे प्राध्यापक गणित मांडतात आणि त्यांचा हात थरथरू लागतो. सहा महिन्यांनी तो धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असतो. दोघे राष्ट्राध्यक्षांकडे धावतात. तेथे निवडणुकीची गणिते चालू असल्यामुळे त्यांना थांबण्यास सांगितले जाते. मग ते दूरचित्रवाणीच्या एका लोकप्रिय कार्यक्रमात जातात. तेथे निवेदक हसतखेळत त्यांची बातमी थट्टेवारी नेतात. मुलगी संतापून ओरडते, आणि दुसऱ्या दिवशी धूमकेतूची नव्हे तर तिच्या ओरडण्याची चर्चा होते. पुढे धूमकेतूला वाटेतच वळविण्यासाठी याने उडतात. पण त्या धूमकेतूत अब्जावधींची दुर्मिळ खनिजे आहेत असे एका धनाढ्य उद्योजकाच्या लक्षात येते आणि याने अर्ध्या वाटेतून परत बोलावली जातात. धूमकेतू नुसत्या डोळ्यांनी दिसू लागतो तेव्हा तर सत्ताधाऱ्यांच्या सभांतून घोषणाच दिली जाते की, वर पाहू नका. शेवट काय होतो हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

चित्रपट संपला आणि वाद सुरू झाला.

मेहुणे म्हणाले, “दाजी, ही अमेरिकेची गोष्ट. तिकडचे पुढारी आणि तिकडचे पत्रकार कसे आहेत ते चांगले दाखवले आहे.” चिरंजीवांना खनिजांचा भाग आवडला होता. ते म्हणाले, “यात त्या उद्योजकाचे चुकले काय? एवढा माल दारात चालून आला तर तो फोडून वाया कोण घालवील? फक्त जोखीम नीट मोजली नाही, एवढेच.” हे बोलून ते स्वतःच थोडे थबकले, हे मी पाहिले. नातवाच्या मते हा चित्रपट धूमकेतूचा नव्हताच. तो तापत चाललेल्या हवामानाचा होता. सूनबाई मात्र त्या मुलीवरच खिळून राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, “ती खरे बोलत होती. पण आवाज चढला म्हणून तिला वेडी ठरवले. प्राध्यापक तेच गोड बोलले, तर त्यांचे कौतुक. हे अमेरिकेतच होते असे नाही.” यावर घरातील पुरुषमंडळी काही क्षण पंख्याकडे पाहत राहिली. आमच्या सौ.ना अखेरचा प्रसंग लागला. सर्वनाश काही मिनिटांवर आला असताना ती माणसे एका टेबलाभोवती जेवायला बसतात आणि एकमेकांचे हात हातात घेतात. “शेवटी सगळी एकत्र जेवायला बसली, ते बरे केले,” त्या म्हणाल्या, आणि क्षणभराने पुढे म्हणाल्या, “पण दिवस मावळल्यावर.”

एकाच घरात, एकाच पडद्यावर, आम्ही सहा जणांनी सहा चित्रपट पाहिले होते. मी काय पाहिले ते त्या दिवशी सांगितले नाही. आज या स्तंभात सांगणार आहे. परंतु त्याआधी थोडे सर्वसाधारण लिहिले पाहिजे.

आपल्याकडे सासू सुनेला थेट बोलत नाही. ती लेकीला बोलते आणि ते सुनेला लागावे अशी तिची अपेक्षा असते. उपहासात्मक विज्ञानपटाचे तंत्र नेमके हेच आहे. राज्यकर्त्यांना, धर्माच्या ठेकेदारांना, व्यापाऱ्यांना किंवा तुम्हा-आम्हाला तोंडावर बोलण्याऐवजी तो दूरच्या ग्रहावरील माणसाला किंवा पुढच्या शतकातील समाजाला बोलतो. अंतरामुळे दोन गोष्टी साधतात. बोलणाऱ्याला धाडस मिळते आणि ऐकणाऱ्याचा अहंकार तात्पुरता झोपी जातो.

हे अंतर किती महत्त्वाचे असते याचे एक सुंदर उदाहरण मराठी विज्ञानकथेच्या इतिहासात आहे. डॉ. जयंत नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले, तेव्हा अनेकांना त्याची आठवण झाली असेल. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली होती. नारळीकर तेव्हा जगविख्यात शास्त्रज्ञ होते. त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली ती नारायण विनायक जगताप या टोपण नावाने. म्हणजे स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. नाव पाहिले की माणसाचे मत आधी तयार होते आणि वाचन नंतर होते, हे त्यांनी ओळखले होते. कथा कोणाची हे कळू न देता ती वाचली जावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

विज्ञानपटही प्रेक्षकाला असेच काहीसे म्हणतो: हा परग्रहवासी आहे, याचा धर्म, पक्ष, जात तुला ठाऊक नाही, तेव्हा जरा मोकळ्या मनाने ऐक. पण प्रेक्षक मोठा हुशार असतो. तो मोकळ्या मनाने ऐकतो, मनसोक्त हसतो, आणि उठताना बाण शेजाऱ्याच्या अंगणात टाकून जातो.

१९८७ साली ‘मिस्टर इंडिया’ प्रदर्शित झाला तेव्हा मी बँकेच्या नोकरीत नवा होतो. अदृश्य होण्याचे यंत्र हाती लागलेला एक सामान्य माणूस, ही त्यातली कल्पना. आज तो मुलांचा चित्रपट म्हणून आठवतो, पण त्यात महागाई आणि भेसळ यांवरची टीका भरपूर आहे आणि धान्यात खडे मिसळून विकणारा एक किराणा दुकानदारही आहे. उदगीरला आमच्या मामांचे किराणा दुकान होते. मामा माझ्याबरोबर चित्रपटाला आले होते. दुकानदाराच्या प्रसंगाला संपूर्ण चित्रपटगृहात सर्वांत मोठ्याने कोण हसले असेल, तर आमचे मामा. बाहेर पडताना ते डोळे पुसत म्हणाले, “अगदी हुबेहूब आपल्या समोरच्या दुकानवाल्यासारखा!” मामा सचोटीचे होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु समोरचा दुकानदारही तो चित्रपट पाहून आला असणार आणि तोही असाच हसला असणार, हा विचार मला तेव्हापासून सोडत नाही.

त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, म्हणजे १९ डिसेंबर २०१४ रोजी, ‘पीके’ आला. नागपूरचे राजकुमार हिरानी यांचा हा चित्रपट. परग्रहावरून राजस्थानच्या वाळवंटात उतरलेल्या एका प्राण्याचा यानाशी संपर्क साधणारा रिमोट चोरीला जातो. ज्याला विचारावे तो सांगतो की आता देवच मदत करील. बिचारा तो देवाचा पत्ता शोधत सर्व धर्मांच्या दारांतून हिंडतो आणि जे आपण जन्मापासून पाहत आलो आहोत ते पहिल्यांदाच पाहिल्यासारखे प्रश्न विचारतो. बुवाबाजीच्या विरोधात महाराष्ट्रात तो काळ हळवा होता. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या ऑगस्ट २०१३ मधली, आणि जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षाच्या डिसेंबरमधला. चित्रपटावर देशभर प्रतिक्रिया उमटल्या. काही शहरांत फलक फाडले गेले, चित्रपटगृहांवर मोर्चे आले. तर उत्तर प्रदेश सरकारने चित्रपट करमुक्त केला. आणि या गदारोळात त्याने हिंदी चित्रपटांच्या उत्पन्नाचे तोवरचे उच्चांक मोडले. म्हणजे रागावलेल्यांनी आणि आनंदलेल्यांनी मिळून तिकिटे काढली होती.

मी तेव्हा नांदेडला बदलून गेलो होतो. नांदेड हे हुजूर साहिबचे गाव. गोदाकाठची मंदिरे, जुने दर्गे आणि आपली जिनालयेही तेथे आहेत. चित्रपटगृहात अवतीभवती सर्व प्रकारचे प्रेक्षक होते. मला चित्रपटापेक्षा प्रेक्षकांकडे पाहण्याची सवय आहे. तपासणीच्या कामात वर्षे घालविल्याचा हा परिणाम असावा. टाळ्यांचा हिशोब ठेवला असता तर तो फार बोलका झाला असता. पडद्यावर एका धर्माचा प्रसंग आला की त्या धर्माचे लोक चुळबुळ करीत आणि उरलेले टाळ्या वाजवीत. पुढचा प्रसंग आला की टाळ्यांची जागा बदले. माझ्या शेजारी एक परिचित व्यापारी होते. बुवाचे बिंग फुटले तेव्हा त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. जिन्यावरून उतरताना मी सहज विचारले, “आपण दर महिन्याला ज्यांच्या दर्शनाला जाता, ते...?” ते दुखावल्या स्वरात म्हणाले, “साहेब, त्यांचे वेगळे आहे.”

‘त्यांचे वेगळे आहे’ हे वाक्य मी बँकेत छत्तीस वर्षे ऐकले. मुख्य कार्यालयाकडून परिपत्रक यावयाचे: काही शाखांत अमुक त्रुटी आढळल्या आहेत, सर्वांनी दक्षता घ्यावी. परिपत्रकात शाखेचे नाव नसे. प्रत्येक शाखाधिकारी ते वाचून मनात म्हणे की ही त्या शेजारच्या शाखेची भानगड दिसते. मग ‘नोंद घेतली’ असा शेरा मारून, सही करून तो कागद फाइलीत जाई. ज्या शाखेमुळे परिपत्रक निघाले, त्या शाखेतही बहुधा असेच होत असावे. उत्तम उपहास हे एक निनावी परिपत्रकच असते, आणि आपण प्रेक्षक मंडळी ‘नोंद घेतली’ असा शेरा मारण्यात पटाईत आहोत.

कधीकधी तर परिपत्रक आहे हेच कळत नाही. पुण्यातला माझा भाचा संगणक क्षेत्रात आहे आणि असे चित्रपट हौसेने पाहतो. त्याने मला १९९७ सालच्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’ या चित्रपटाची कथा सांगितली. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या कादंबरीवर तो आधारलेला. सुंदर, तगडे तरुण-तरुणी गणवेश चढवून परग्रहावरच्या किड्यांशी युद्ध करतात आणि मधून मधून सरकारी प्रचाराच्या जाहिराती दिसतात. दिग्दर्शक पॉल व्हरहोव्हन यांचे बालपण जर्मनीने व्यापलेल्या हॉलंडमध्ये गेले होते. युद्धाचा प्रचार माणसाला कसा भुरळ घालतो हे त्यांना दाखवावयाचे होते. पण प्रदर्शनाच्या वेळी काही समीक्षकांनी हा चित्रपटच हुकूमशाहीचा पुरस्कार करतो असे म्हणून त्यावर टीका केली, आणि अनेक प्रेक्षकांनी निव्वळ युद्धपट म्हणून शिट्ट्या वाजविल्या. त्यातील उपहास बहुतेकांच्या लक्षात यावयास बराच काळ जावा लागला. येथे लेकीला बोललेले लेकीलाही कळले नाही आणि सुनेलाही; सासूच वाईट ठरली.

मग दोष कोणाचा? चित्रपटाचा की पाहणाऱ्याचा? ‘डोन्ट लुक अप’च्या वेळीही हेच झाले. पुष्कळ समीक्षकांना तो भडक आणि उपदेशी वाटला. हवामानाचा अभ्यास करणारे अनेक शास्त्रज्ञ मात्र म्हणाले की आमची रोजची कहाणी कोणीतरी प्रथमच पडद्यावर आणली. कथानक करोनाच्या साथीपूर्वी लिहिलेले होते, तरी असंख्य प्रेक्षकांनी त्यात करोनाच पाहिला. ज्याच्या पायाला चटका बसला आहे, त्याला विस्तव अतिशयोक्त वाटत नाही. हे मला पटावयास कारण आहे, आणि आता मी माझ्या प्रतिक्रियेकडे येतो.

त्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातील प्रसंगांना मी इतरांबरोबर हसत होतो. परंतु दूरचित्रवाणीचे निवेदक त्या मुलीची थट्टा करू लागले तेव्हा माझे हसू थांबले. नातवाच्या ते लक्षात आले. “आजोबा, कंटाळा आला का?” त्याने विचारले. मी मान हलवून नाही म्हणालो. खरे कारण असे की त्या निवेदकाच्या खुर्चीत मी स्वतः बसलेला मला दिसलो.

१९९२ साली मी औसा तालुक्यातील एका ग्रामीण शाखेत अधिकारी होतो. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, किल्लारीच्या परिसराला जमिनीचे लहान लहान धक्के बसू लागले. भांडी खणखणत, जमिनीतून गुरगुर ऐकू येई. लोक अंगणात, शेतात झोपू लागले. मग धक्के हळूहळू थांबले आणि लोक परत घरात गेले. अशा दिवसांत आमचे एक जुने खातेदार शाखेत आले. किराणा आणि थोडे धान्य, असा त्यांचा व्यवहार होता. घर त्या भागातील रीतीप्रमाणे जाडजूड दगडी भिंतींचे, चिखलात बांधलेले, आणि वर दीड-दोन हात मातीचे माळवद. त्यांना ते माळवद उतरवून वर पत्रे टाकावयाचे होते आणि त्यासाठी कर्ज हवे होते. मुलाबाळांना वजन डोक्यावर नको वाटते, असे ते म्हणाले.

अशा कामासाठी कर्ज देण्याची योजना आमच्या शाखेकडे नव्हती. मी नाही म्हटले, ते नियमाला धरून होते आणि त्याबद्दल मला आजही खंत नाही. परंतु मी तेवढ्यावर थांबलो नाही. काउंटरवर चार माणसे उभी होती, आणि चार माणसे ऐकत असली की तरुण अधिकाऱ्याला बुद्धी फुटते. मी म्हणालो, “काका, भूकंप जपानात होतात. आपल्या मराठवाड्यात जमीनसुद्धा आळशी आहे. ती हलायची नाही. पत्र्याखाली मात्र उन्हाळ्यात पापडासारखे भाजून निघाल.” सगळी शाखा हसली. काकाही ओशाळे हसले, टोपी नीट केली आणि गेले.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. आपल्या दशलक्षण पर्वाची सांगता झाली होती आणि गावोगावी गणपतीचे विसर्जन होऊन लोक दमून झोपले होते. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सरकारी आकड्यांनुसार आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. पुढे तज्ज्ञांनी सांगितले की एवढी हानी होण्यामागे धक्क्याच्या जोराइतकाच त्या चिखलात रचलेल्या दगडी भिंतींचा आणि माळवदाच्या ओझ्याचा वाटा होता.

काका वाचले; विसर्जनाहून उशिरा आल्यामुळे ते दुकानाच्या ओट्यावर झोपले होते. घरातली दोन माणसे गेली. काही आठवड्यांनी तंबूत थाटलेल्या आमच्या शाखेत ते आले. पासबुक हरवले होते, नवे हवे होते. मी अर्ज भरून दिला, त्यांनी सही केली. मागील वर्षीच्या त्या संभाषणाविषयी ते एक अक्षरही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते असे मला आजही वाटते.

येथे न्यायाने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. धूमकेतूचे गणित मांडता येते, भूकंपाचे येत नाही. तो दिवस कोणालाही सांगता आला नसता. शिवाय त्या काळच्या भूकंप-नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो पुढे तिसऱ्या पट्ट्यात घेतला गेला. तेव्हा माझे अज्ञान हे सर्वांचे अज्ञान होते. पण थट्टा माझी एकट्याची होती. भूकंप होईल की नाही हे काकांना ठाऊक नव्हते, मलाही नव्हते; डोक्यावर मणामणाची माती आहे हे मात्र दोघांनाही दिसत होते. ते वर पाहत होते, आणि मी त्यांना हसून खाली पाहावयास लावले.

आता कोणी म्हणेल, चित्रपटच तो, करमणुकीसाठी पाहावा आणि सोडून द्यावा. मीही बरेचसे चित्रपट तसेच पाहतो. परंतु घरात सहा जणांनी सहा चित्रपट पाहिले, हे मला त्या रात्री फार मोलाचे वाटले. आपण अनेकान्ताचा उल्लेख करतो तेव्हा ‘ज्याचे त्याचे मत, सगळेच बरोबर’ असा त्याचा सोपा अर्थ लावून मोकळे होतो. मला समजतो तो अर्थ थोडा कठीण आहे. मी जे पाहतो ते कोठे उभा राहून पाहतो, हे आधी प्रामाणिकपणे सांगावे. मगच पुढे बोलावे. सूनबाई सून म्हणून पाहत होत्या, चिरंजीव आडत्या म्हणून, नातू ज्याला पुढची साठ वर्षे या पृथ्वीवर काढावयाची आहेत असा मुलगा म्हणून. त्यांपैकी कोणीच चुकीचे पाहिले नाही. परंतु पहिल्या फेरीत आम्ही सर्वांनीच बाण झेलणारा माणूस घराबाहेर शोधला होता. अपवाद फक्त चिरंजीवांच्या त्या थबकण्याचा. उपहास सार्थकी लागतो तो तेवढ्या एका क्षणात.

‘मिस्टर इंडिया’मधला अदृश्य माणूस साध्या डोळ्यांना दिसत नाही, तांबड्या काचेतून पाहिले तर मात्र दिसतो. उपहासात लपलेले आपले स्वतःचे रूपही असेच असते. म्हणून मी अलीकडे एक साधा नियम केला आहे आणि वाचकांनी तो करून पाहावा अशी विनंती आहे. चित्रपट संपल्यावर ‘यात कोणाची टर उडविली आहे?’ असे विचारण्याऐवजी ‘यातल्या कोणत्या पात्राच्या खुर्चीत मी कधीतरी बसलो होतो?’ असे विचारावे. मुलांसमोर मोठ्यांनी आधी उत्तर द्यावे. घरात क्षणभर शांतता पसरते खरी, पण त्या शांततेनंतरच्या गप्पा चांगल्या होतात.

भाऊबीजेला ही सारी हकीकत मी घरात सांगितली. कोणी फार बोलले नाही. काही वेळाने नातवाने विचारले, “आजोबा, आपल्या घरची बोअर किती फूट आहे?” मी आकडा सांगितला. “आणि ती घेतली तेव्हा शेजारच्या घराची किती होती?” मी तोही सांगितला. तो हसला नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाणी घेऊन रेल्वे लातूरला आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर, तेव्हा हा मुलगा जेमतेम पहिलीत होता. त्याआधी कोणी तहानलेल्या शहराला आगगाडीने पाणी पुरविण्याचा चित्रपट काढला असता, तर आपण त्याला कल्पनारम्य म्हटले असते. त्या उन्हाळ्यात गच्चीवरचे पाणी बोअरमध्ये मुरविण्याचा निश्चय शहरात पुष्कळांनी केला होता. आम्हीही केला होता. गच्चीवरून उतरणारा पाइप त्याच वर्षी बसविला. शोषखड्डा ‘पुढच्या उन्हाळ्यात करू’ म्हणून राहिला. गेली इतकी वर्षे तो पाइप पावसाळाभर गच्चीचे पाणी नालीत सोडतो आहे.

परिपत्रक मिळाले होते. ‘नोंद घेतली’ असा शेराही मारला होता.

कार्तिकी पौर्णिमेनंतर गवंडी येऊन खड्ड्याचे माप घेऊन गेला. त्याने विचारले, “साहेब, आत्ता पावसाळा संपल्यावर काय घाई?” मी काही चतुर उत्तर दिले नाही. फक्त वर, गच्चीकडे, बोट दाखविले.